कुंपण नसलेली प्रजाती : ओक वृक्षांचा संकर आणि त्यांची ओळख



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले. त्यांच्या तासाला झाडाचं नाव सांगून सुटका होत नसे. 'कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागे. आज मी ज्या झाडांविषयी बोलणार आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न निदान लिनीअसच्या काळापासून उभा आहे, आणि भल्याभल्यांनी त्यावर आयुष्यं खर्च केली आहेत.

विषय ओकचा. सह्याद्रीत ओक नाही. आपल्या द्वीपकल्पात रानात तो कुठेच उगवत नाही. मराठी माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती नैनिताल-मसुरीच्या सहलीत. तिथल्या उतारांवरचा बांज म्हणजे ओकच, आणि आणखी वर चढलं की भेटणारे तिलोंज आणि खरसू हेही ओकच. नाहीतर मग नाशिककडच्या वायनरीत, रेड वाइन मुरत ठेवलेल्या पिंपांच्या रूपात. मग इतक्या दूरच्या झाडावर पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांचा एक तास का घ्यायचा? कारण 'प्रजाती म्हणजे काय' हा जीवशास्त्रातला मूळ प्रश्न जितका ओकच्या जंगलात लढवला गेला, तितका वनस्पतींमध्ये क्वचितच दुसरीकडे लढवला गेला असेल. त्यातून जे हाती आलं आहे, ते सह्याद्रीत नमुने गोळा करणाऱ्यालाही उपयोगी पडेल असं माझं मत आहे.

ओकांच्या क्वेर्कस या वंशात (जीनस) सुमारे 430 प्रजाती मोजल्या जातात. उत्तर गोलार्धाच्या मोठ्या भागात त्या पसरल्या आहेत. सर्वांत जास्त विविधता मेक्सिकोत आणि चीनमध्ये आहे. ऑस्ट्रियात सापडलेले ओकचे सर्वांत जुने परागकण साधारण 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. जवळजवळ सगळ्या ओकांमध्ये गुणसूत्रांच्या 12 जोड्या असतात. परागीभवन वाऱ्यावर चालतं. नर फुलांचे लोंबते तुरे वसंतात पिवळी धूळ उडवतात. मादी फूल इतकं लहान की भिंग घेऊन शोधावं लागतं. त्याच्या बीजकोशात सहा बीजांडं असतात आणि त्यांतलं सहसा एकच वाढून टोपी घातलेलं ते प्रसिद्ध फळ, अ‍ॅकॉर्न, तयार होतं. ही सहातल्या एकाची निवड लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता दोन झाडं घेऊ, दोन्ही युरोपातली. एकाचं शास्त्रीय नाव क्वेर्कस रोबर, दुसऱ्याचं क्वेर्कस पेट्रिया. रोबरचं फळ लांब देठावर लोंबतं, पण पानाला देठ जवळपास नसतो आणि पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखे दोन भाग असतात. पेट्रियाचं बरोबर उलट : फळं फांदीला चिकटलेली आणि पानाला चांगला लांब देठ. म्हणून मी पहिल्याला देठी ओक आणि दुसऱ्याला बिनदेठी ओक म्हणेन. हा देठ फळाचा, पानाचा नव्हे, एवढं ध्यानात असू द्या. देठी ओकला ओली, जड, सुपीक जमीन चालते आणि भरपूर ऊन लागतं. बिनदेठी ओक निचऱ्याच्या, कोरड्या, उतारावरच्या जमिनीत बरा वाढतो आणि थोडी सावली सोसतो.

लिनीअसनं 1753 मध्ये क्वेर्कस रोबर हे नाव दिलं तेव्हा हा फरक त्याच्या हिशेबी नव्हता. बिनदेठी ओकला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला तो 1784 मध्ये. पुढच्या शंभर वर्षांत एका बाजूनं 'या दोन खणखणीत प्रजाती आहेत' म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूनं 'या एकाच प्रजातीच्या दोन तऱ्हा आहेत' म्हणणारे असे तट पडले, आणि दोन्हीकडे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. डार्विननं 1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये याच भांडणाचा दाखला दिला. थोर पंडित आणि जंगलात काम करणारी माणसं दोन्ही बाजूंनी साक्षीला उभी करता येतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. प्रजाती आणि उपप्रकार यांच्यात पक्की रेघ नाही हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी ओकसारखा साक्षीदार शोधून सापडला नसता.

पिंपं करणाऱ्यांना मात्र हा वाद पुस्तकी वाटला नसता. फ्रान्समधल्या त्रोंसे जंगलातला ओक मुख्यतः बिनदेठी. त्याचं लाकूड बारीक, दाट कणाचं, त्याचा वास मंद आणि गोडसर, म्हणून ते वाइनसाठी नावाजलेलं. लिमुझँ भागातला ओक मुख्यतः देठी. त्याचा कण मोठा आणि टॅनिन जास्त, म्हणून तो कोन्याकसाठी. अमेरिकेतल्या लाल ओकच्या लाकडात तर वाहिन्या उघड्याच राहतात. त्याचं पिंप केलं तर आतला माल झिरपून जाईल. लाकडाचा व्यापारी 'प्रजाती ही माणसाची कल्पना आहे' असं सहसा म्हणत नाही, आणि त्याचं हे न म्हणणं मी पुराव्यात धरतो.

डार्विनच्या काळी या प्रश्नावर सर्वांत जास्त घाम गाळला तो जिनीव्हाच्या आल्फाँस द कांदोल यांनी. जगभरच्या ओकांचं वर्गीकरण त्यांच्याकडे होतं. ते 1864 मध्ये 'प्रोद्रोमुस' या वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथात छापून आलं. संग्रहातल्या वाळलेल्या फांद्या समोर मांडून ते एकेक लक्षण तपासत गेले : पानाच्या खाचा, देठाची लांबी, फळाच्या टोपीवरचे खवले, फळ पिकायला लागणारा काळ. आणि त्यांना दिसलं ते असं, की ज्या लक्षणांवर लोक प्रजाती वेगळ्या करतात, त्यांतली बरीचशी एकाच झाडावर, कधीकधी एकाच फांदीवर बदलतात. तीनशेच्या वर प्रजाती त्यांनी नोंदवल्या आणि सरळ सांगून टाकलं, की यांतल्या निदान दोन तृतीयांश तात्पुरत्या आहेत. जास्त नमुने आले की त्या गळतील.

डार्विननं पुढच्या आवृत्त्यांमध्ये हे काम आवर्जून घेतलं. क्वेर्कस रोबरच्या द कांदोल यांनी 28 तऱ्हा दिल्या होत्या. त्यांतल्या सहा वगळता बाकी सगळ्या तीन उपप्रजातींभोवती गोळा होत होत्या : देठी, बिनदेठी आणि लवदार पानांचा प्यूबेसेन्स. या तिघांना जोडणारी मधली रूपं तुलनेनं दुर्मीळ होती. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी त्यावरून काढलेला मुद्दा डार्विननं उचलला : ही मधली झाडं उद्या नाहीशी झाली, तर आज ज्यांना आपण उपप्रजाती म्हणतो त्या, रोबरभोवतीच्या तात्पुरत्या प्रजाती एकमेकींपासून जितक्या वेगळ्या आहेत, तितक्याच वेगळ्या ठरतील.

मला या मुद्द्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. मधली झाडं दुर्मीळ होती असं द कांदोलच सांगतात. एकाचे परागकण दुसऱ्याला पोचत होते, वारा सर्वांना सारखा होता, दोन्ही ओक युरोपभर एकमेकांशेजारी हजारो वर्षं उभे होते. तरी मधली झाडं दुर्मीळ का? एकोणिसाव्या शतकानं सगळं बळ 'रेघ पुसट आहे' हे दाखवण्यात लावलं. रेघ पुसली का जात नाही, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही.

ओकांचा संकर होतो याबद्दल बागवानांना कधी शंका नव्हती. इंग्लंडमध्ये एक्झिटरच्या विल्यम लूकोम या रोपवाटिकेवाल्याला 1762 च्या सुमारास तुर्की ओकच्या फळांपासून उगवलेल्या रोपांत एक वेगळं रोप दिसलं. थंडीतही पानं न गाळणारं. त्याचा बाप म्हणजे बाटलीच्या बुचाची साल देणारा कॉर्क ओक. लूकोमनं कलमं करून त्याची भरपूर विक्री केली. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात : मूळ झाड त्यानं 1785 मध्ये तोडलं, स्वतःच्या शवपेटीसाठी फळ्या कापल्या आणि त्या पलंगाखाली ठेवून दिल्या. पण गृहस्थ शंभरी ओलांडून जगला, तोवर डेव्हनच्या दमट हवेत फळ्याच कुजल्या, आणि अखेर त्याच्याच कलमांपैकी एक झाड तोडून पेटी केली. एसेक्सच्या स्पेन्सर टर्नरच्या रोपवाटिकेतला संकर याहून नवलाचा. देठी ओक आणि सदाहरित होम ओक हे ओकांच्या वंशवृक्षाच्या दोन अगदी वेगळ्या शाखांतले. तरी त्यांचं अपत्य झालं आणि आजही बागांमध्ये वाढतं.

आपल्याकडेही ओकच्या निमित्तानं एक संकर झाला आहे, पण तो झाडाचा नव्हे, अळीचा. मणिपूर आणि उत्तराखंडात ओकच्या पानांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात. त्यासाठी चीनमधली अँथेरिया पर्नी आणि हिमालयातली अँथेरिया रॉयली यांचा संकर करून आपल्या शास्त्रज्ञांनी जी जात तयार केली, तिला दोन्ही नावं जोडून अँथेरिया प्रॉयली असं नाव दिलं. भंडारा-गडचिरोलीचा कोसा ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढतो, त्याची अळी वेगळी. संकराचा उपयोग असला की त्याला नाव द्यायला आपल्याला मुळीच अडचण पडत नाही. अडचण पडते ती जंगलात, आपल्याला न विचारता झालेल्या संकराची.

तिकडे जाऊ. फिलाडेल्फियाजवळ जॉन बार्ट्रम या बागवान-संशोधकाच्या जमिनीत एक विचित्र पानांचा ओक होता. वनस्पतिशास्त्रज्ञ मिशो यांनी 1812 मध्ये त्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, आणि मग शतकभर वाद : ही प्रजाती की विलो ओक आणि लाल ओक यांचा संकर? याच प्रकारच्या एका झाडाची फळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पेरली गेली. रोपं एकसारखी निघाली नाहीत. काही एका पूर्वजाकडे झुकली, काही दुसऱ्याकडे, काही मधली. संकराचा याहून साधा पुरावा नसतो. आज बार्ट्रमचा ओक संकर म्हणूनच ओळखला जातो.

1942 मध्ये अर्न्स्ट मायर यांनी प्रजातीची जी व्याख्या रूढ केली, ती आजही शाळेच्या पुस्तकात आहे : आपापसांत प्रजनन करणाऱ्या आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीनं तुटलेल्या जीवांचा गट. मायर पक्ष्यांचे अभ्यासक. पक्ष्यांना ही व्याख्या बरीच बसते. ओकांना बसवायला गेलं की देठी-बिनदेठी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या गटातले युरोपातले सगळे ओक एकच प्रजाती म्हणावे लागतात, आणि अमेरिकेत तर त्याहून मोठी खिचडी होते. या व्याख्येचे खंदे पुरस्कर्ते जेरी कॉइन आणि अ‍ॅलन ऑर यांनीही 2004 च्या त्यांच्या ग्रंथात ओक हे या व्याख्येपुढचं सर्वांत अवघड प्रकरण असल्याचं मान्य केलं.

पण संकर होतो म्हणजे वाटेल त्याचा वाटेल त्याच्याशी होतो, असं नाही. लाल गटातले ओक आणि पांढऱ्या गटातले ओक एकमेकांत मिसळत नाहीत. रानात तरी असा खरा संकर कुणी दाखवलेला नाही. लाल गटाची फळं बहुधा दुसऱ्या वर्षी पिकतात, पांढऱ्याची त्याच वर्षी. अंतर खोल आहे. प्रश्न आहे तो गटाच्या आतला : तिथे संकर होत असताना रेघ पुसली का जात नाही?

त्यावर पहिलं नीट उत्तर सुचवलं सी. एच. मुलर यांनी, 1952 मध्ये. ते टेक्सास आणि मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतले ओक जाणणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : संकराचं बी तयार होतं, रुजतंही, पण त्याला राहायला जागा नसते. एका प्रजातीची जागा ओढ्याकाठची ओली, दुसरीची वरच्या खडकाळ उतारावरची. मधल्या रोपाला मधलीच जमीन हवी, आणि ती रानात सहसा फारशी नसते. एका ओकच्या आयुष्यात असंख्य फळं पडतात आणि त्यांतून वाढून झाड होणारं एखादं. चाळणी इतकी बारीक असताना थोडं कमी जुळणारं रोप टिकत नाही. सेंट लुइसचे वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी याची उलटी बाजू मांडली : माणूस जंगल तोडतो, रस्ता काढतो, गुरं चारतो, तेव्हा मधली जमीन तयार होते आणि संकरांची गर्दी दिसू लागते. 1976 मध्ये जीवशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हॅलेन यांनी हाच धागा ओढून प्रजातीची व्याख्याच बदलायचं सुचवलं. कोण कुणाशी जुळतं यापेक्षा कोण कुठली जागा धरून आहे हे पाहा, असं त्यांचं सांगणं. त्यांचं उदाहरण अर्थातच ओकांचं.

इथपर्यंत सगळं पानांवर, फळांवर आणि तर्कावर चाललं होतं. 1991 मध्ये अ‍ॅलन व्हिटमोर आणि बार्बरा शाल यांनी पूर्व अमेरिकेतल्या पाच पांढऱ्या ओकांच्या हरितलवकाचा डीएनए तपासला. हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतला हिरवा घटक. त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि ओकमध्ये तो फक्त आईकडून येतो. अपेक्षा अशी, की एका प्रजातीच्या झाडांचा डीएनए एकमेकांशी जुळेल. प्रत्यक्षात तो जुळला शेजाऱ्याशी. एकाच ठिकाणच्या वेगवेगळ्या प्रजातींच्या झाडांत एकच हरितलवक निघालं, आणि एकाच प्रजातीच्या दूरदूरच्या झाडांत वेगवेगळं. केंद्रकातला डीएनए मात्र प्रजातीशी बराच इमान राखून होता.

युरोपात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. रेमी पेटी, आंत्वान क्रेमर आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी 2,600 हून अधिक ठिकाणांहून ओकची पानं जमवली आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापले. हिमयुगात ओक दक्षिणेला रेटले गेले होते. आयबेरिया, इटली आणि बाल्कन या तीन आसऱ्यांतून ते परत उत्तरेला आले, आणि प्रत्येक वाटेनं आलेल्यांच्या हरितलवकावर तिचा ठसा राहिला. पण त्या ठशाला प्रजाती कळत नव्हती. एकाच जंगलात शेजारी उभ्या असलेल्या देठी आणि बिनदेठी ओकचं हरितलवक तेच.

हे कसं घडलं असेल, याचा उलगडा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून इथे थोडा थांबतो. हिमयुग ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर आधी देठी ओक पोचला. ऊन आवडणारं, पुढे सरसावणारं झाड. त्याची जड फळं कोण नेणार? क्लेमेंट रीड यांनी 1899 मध्येच हिशेब मांडला होता, की फळ झाडाखाली पडून ओक पुढे सरकत असता, तर त्याला उत्तर ब्रिटनला पोचायला दहा लाख वर्षं लागली असती. इतका वेळ मिळालाच नव्हता. काम केलं ते जे नावाच्या, कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यानं. तो फळं लांब नेऊन जमिनीत पुरतो आणि त्यांतली काही विसरतो. देठी ओकचं रान असं उभं राहिलं. त्यात दूरवरून वाऱ्यानं बिनदेठी ओकचे परागकण आले. पश्चिम फ्रान्समधल्या पेतीत शार्नी जंगलातल्या अभ्यासात आणि हातानं केलेल्या संकरांतही दिसलं, की देठी आईवर बिनदेठी बापाचे परागकण यशस्वी होतात, उलटं फार कमी. म्हणजे पहिल्या पिढीत निम्मा-निम्मा संकर. त्यावर पुन्हा बिनदेठी परागकण पडले, पुढच्या पिढीत पुन्हा. काही पिढ्यांनंतर जे झाड उभं राहतं ते पानानं, फळानं, सवयीनं आणि केंद्रकातल्या जवळजवळ सगळ्या जनुकांनी बिनदेठी. फक्त हरितलवक आजीच्या आजीचं, देठी. जिथे बिनदेठी ओकचं एकही बी पोचलं नव्हतं, तिथे बिनदेठी ओकचं जंगल उभं राहू शकतं. पेटी आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हे मांडलं तेव्हा संकराकडे पाहण्याची नजर बदलली. तोवर संकर म्हणजे प्रजातीच्या शिस्तीतली गळती होती. आता संकर हा प्रजातीच्या प्रवासाचा मार्ग ठरला.

आणि ती सहा बीजांडं इथे कामाला येतात. मादी फुलावर दोन्ही प्रकारचे परागकण पडले, तर सहांतल्या एका बीजांडाच्या त्या निवडीत स्वतःच्या प्रजातीचे बहुधा पुढे जातात. स्वतःचे कमी आणि परके फार, असं झालं की संकर वाढतो. म्हणून संकर सापडतात ते प्रजातीच्या पसाऱ्याच्या काठावर, जिथे एखादं झाड एकटं पडलेलं असतं. ऐन मध्यावर, दोघंही भरपूर असलेल्या रानात, बहुसंख्य झाडं ओळखायला अडचण पडत नाही.

काठावर काय काय घडतं याचं उदाहरण अमेरिकेच्या यूटा राज्यात आहे. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरांत गॅम्बेल ओक असतो. तो थंडीत पानं गाळतो. 1950 च्या दशकात वॉल्टर कॉटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या रानात काही वेगळी झुडपं दिसली. खरखरीत पानांची, हिवाळ्यात बरीचशी हिरवी राहणारी. ती गॅम्बेल आणि टर्बिनेला या झुडुपी ओकचा संकर होती. पण टर्बिनेला तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला उगवतो. उत्तरेची थंडी त्याच्या रोपांना सोसत नाही. कॉटम यांचा निष्कर्ष असा, की काही हजार वर्षांपूर्वी हवामान उबदार असताना टर्बिनेला इतक्या उत्तरेला होता. थंडी वाढल्यावर तो गेला, पण त्याची संकर अपत्यं मुळांपासून नवे फुटवे काढत तिथेच टिकली. एक पूर्वज निघून गेला तरी त्याची जनुकं दुसऱ्याच्या रानात नांदत राहिली.

जीनोम, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए, वाचता येऊ लागल्यावर या गोष्टी आकड्यांत उतरल्या. देठी ओकचा पूर्ण जीनोम 2018 मध्ये बोर्दोच्या गटानं प्रसिद्ध केला : साधारण 26 हजार जनुकं. युरोपातल्या चार पांढऱ्या ओकांची तुलना केली तेव्हा दिसलं, की हे ओक आधी बराच काळ वेगळे राहिले होते आणि हिमयुगानंतर पुन्हा भेटले. भेटल्यावर जनुकांची देवघेव प्रचंड झाली. जीनोमचा बहुतेक भाग कुठल्याही दोघांत जवळपास सारखा. पण काही ठिकाणी, थोड्या थोड्या तुकड्यांत, फरक ठाम उभा. तिथे परक्याचं जनुक आलं की टिकत नाही.

आपल्या भाषेत हे रोज घडतं. फारसी, कन्नड, पोर्तुगीज, इंग्रजी शब्द मराठीत शेकड्यांनी आले आणि राहिले. प्रत्यय मात्र आपलेच राहिले. 'टेबलावरच्या फाइलीत' म्हणताना टेबल आणि फाइल पाहुणे आहेत, पण वाक्य कुणाचं आहे याविषयी कुणाला शंका नसते. ओकच्या जीनोममधले ते ठाम तुकडे असेच आहेत. बाकीची देवघेव कितीही होवो, झाडाचा घाट ते सांभाळतात.

देवघेव निरुपयोगीही नाही. पिरनीजच्या वरच्या, थंड उतारांवरच्या बिनदेठी ओकांत देठी ओककडून आलेली जनुकं जास्त प्रमाणात आढळतात आणि तिथल्या हवेशी जुळवून घ्यायला ती उपयोगी पडत असावीत, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. शतकानुशतकं एका जागी उभ्या राहणाऱ्या झाडाला बदलत्या हवामानात शेजाऱ्याकडून तयार जनुक मिळणं ही मोठीच सोय.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, मग नावांचा आग्रह सोडा आणि सगळ्यांना ओक म्हणा. मी याच्या विरुद्ध आहे. 2020 च्या ओकच्या लाल यादीप्रमाणे जगातल्या सुमारे 31 टक्के ओक प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. संरक्षण मिळतं ते नावाला. टेक्सासच्या चिसोस डोंगरांत क्वेर्कस टार्डिफोलिया नावाचा ओक आहे. 1936 मध्ये त्याचं नाव ठेवलं ते मुलर यांनीच. शेवटचं ज्ञात झाड मेल्यावर तो संपला असं धरलं होतं. 2022 मध्ये बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात एक झाड सापडलं, तेही आगीनं होरपळलेलं आणि बुरशी लागलेलं. आनंदाच्या बातम्या आल्या. पण अभ्यासकांचा प्रश्न जुनाच आहे : ही खरी प्रजाती की दोन शेजाऱ्यांचा एखादा संकर? पहिलं असेल तर पृथ्वीवरचं जवळजवळ शेवटचं झाड, दुसरं असेल तर उद्या तिथेच पुन्हा जन्मू शकणारं. दोन्हीकडे वागणूक वेगळी लागेल. 'प्रजाती वगैरे काही नसतं' म्हणून हा निर्णय टाळता येत नाही.

माझा निवाडा सांगतो. देठी आणि बिनदेठी या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. द कांदोल यांनी शंका घेतली ती योग्य होती, कारण त्यांच्याकडे फक्त वाळलेल्या फांद्या होत्या. पण प्रजातीची कसोटी तिनं कुणाशी संबंध तोडला ही नव्हे. संबंध राहूनही तिची लक्षणं एकत्र टिकतात का, आणि ती आपली जागा धरून राहते का, ही कसोटी. ओक या कसोटीला हजारो वर्षं उतरत आले आहेत. कुंपण नाही म्हणून शेत नाही, असं होत नाही.

शेवटी सभागृहातल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. सह्याद्रीत ओक नसले तरी जवळच्या प्रजाती शेजारी-शेजारी वाढतात अशा जागा कमी नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र असो की मुंबईचं ब्लाटर हर्बेरियम, तिथे पोचणारे नमुने बहुतेक 'नमुनेदार'च असतात, कारण पुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारी फांदी आपण रानातच टाकून येतो. ओकच्या अभ्यासात पेच पडला आणि सुटलाही तो अशाच मधल्या फांद्यांमुळे. म्हणून पुढच्या वेळी न जुळणारी फांदीही दाबून आणा. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली अशी दोन पानं घ्या, जमीन कशी होती ते लिहा, शेजारी कुठली झाडं होती तेही लिहा, आणि नावाच्या जागी 'निश्चित नाही' असं लिहायला लाजू नका.